निरवांगीच्या बैठकीत चार्लसराव

रामहरीच्या निकिताची दोन स्थळं मोडली. देण्याघेण्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, पोरगी सावळी म्हणून तर मुळीच नाही. मोडली ती मानसिंगतात्याच्या तोंडामुळं.

मानसिंगतात्या रामहरीचा थोरला भाऊ. निरवांगीत दोघांची डाळिंबं एका बांधाला, मोटार एका विहिरीवर, पण तोंडांचे धंदे वेगळे. रामहरीचं तोंड जेवायला आणि जांभई द्यायला. तात्याचं तोंड नानासाहेबांसाठी. नानासाहेब म्हणजे कारखान्याचे माजी चेअरमन. त्यांना पाडून जे चेअरमन झाले ते अप्पासाहेब. असे एक नानासाहेब आणि एक अप्पासाहेब प्रत्येक कारखान्याला असतात. एखाद्या साली ऊस कमी पडेल, हे कमी पडत नाहीत. आणि यांच्यासाठी एकमेकांची डोकी फोडणारी आपली माणसं तर कधीच कमी पडत नाहीत.

पहिल्या स्थळाच्या वेळी पाहुणा चहा पिताना सहज बोलून गेला की यंदा कारखाना वेळेवर सुरू झाला. तात्यानं कप खाली ठेवला. "म्हंजे आमच्या टायमाला उशिरा व्हायचा व्हय?" झालं. पाहुणे अर्धा चहा टाकून गेले. दुसऱ्या वेळी नवऱ्या मुलाला कुणाचा तरी फोन आला आणि मोबाइलच्या पडद्यावर अप्पासाहेबांचा हात जोडलेला फोटो उजळला. तात्या म्हणाला, "ह्याला बायको कशाला पायजे? फोटो हाय की." तेही गेले.

त्यानंतर निकितानं बापाला गोठ्यात गाठलं. ती बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवते, तेव्हा बोलणं मुद्द्याचं. "पप्पा, आता तिसरं स्थळ येतंय. मुलगा मला पसंत आहे. मी त्याच्याशी बोललेय. हे पण तात्यांनी मोडलं तर चौथ्या वेळी मी साडी नेसून बाहेर येणार नाही. मला बघायला येणाऱ्यांना तुम्ही म्हैस दाखवा."

रामहरीला घाम फुटला, कारण पोरगी बोलल्याप्रमाणं वागते हे त्याला माहीत होतं. तो गुण तिनं आईकडून, सरुबाईकडून, उचललेला. तात्याला बैठकीला न बोलावणं हा उपाय नव्हता. घरातल्या थोरल्यानं अडकित्त्यानं सुपारी फोडली की लग्न ठरलं, ही रीत. थोरला घरात असताना धाकट्यानं सुपारी फोडली तर गाव म्हणणार, भाऊ मेला का काय.

त्यात हे तिसरं स्थळ कोऱ्हाळे बुद्रुकचं. मुलगा सुयोग, आयर्लंडात दुधाची पावडर करणाऱ्या प्लँटवर इंजिनिअर. सगळं चांगलं. फक्त बाप विजयसिंह हा अप्पासाहेबांच्या गटाचा, आणि साधा नव्हे, मतदानाच्या दिवशी बूथवर टेबल टाकून बसणारा.

"ही मांजराच्या गळ्यात उंदरानं माळ घालायची गोष्ट हाय," मध्यस्थ म्हस्कूआबा म्हणाला. म्हस्कूआबा कळंबचा. दोन्हीकडं नातं, दोन्हीकडं उठबस, आणि आयुष्यात एकाही गटात नाही, म्हणून लोक त्याला थोडा वेडा समजत. त्यानं दोन्ही घरांना अट घातली. बैठकीत राजकारण काढायचं नाही. नानासाहेबांचं नाव नाही, अप्पासाहेबांचं नाव नाही, कारखाना हा शब्दच नाही. कुणी घसरायला लागला की म्हस्कूआबा खोकणार. तात्यानं आणि विजयसिंहानं कबूल केलं. तात्यानं तर सरुबाईसमोर कानाला हात लावला.

रविवारी सकाळी पाहुणे आले. विजयसिंह, त्याची बायको बनाबाई आणि सुयोग. बनाबाई आत सरुबाईकडं गेली. पुरुष मंडळी पडवीत सतरंजीवर बसली. मध्ये पाट, पाटावर सुपारी, अडकित्ता, खोबऱ्याची वाटी आणि साखरेची ताटली. पाणी झालं. रामराम झाला. आणि मग सगळे गप्प.

राजकारण वजा केलं तर आपल्या माणसांकडं बोलायला काय उरतं, हे रामहरीला त्या दिवशी कळलं.

"रस्ता बरा लागला का?" त्यानं विचारलं.

"वालचंदनगरपतोर झ्याक हाय," विजयसिंह म्हणाला. "तितनं पुढं मातूर ज्यानं टेंडर घेतलं त्यानं..."

म्हस्कूआबा खोकला.

"कालव्याला पाणी हाय का तुमच्याकडं?" तात्यानं विचारलं.

"हाय. औंदा आमच्याकडं पाण्याचं नियोजन..."

म्हस्कूआबा खोकला.

"आमच्या आळीतले गेणबा गेले परवा," रामहरीनं मयताचा आधार घेतला. मयतात तरी काही निघू नये.

"आरारा. कोण कोण आलं होतं मातीला?" विजयसिंहानं विचारलं, आणि तात्याची मान ताठ झाली. मातीला कोण साहेब आला आणि कोण आला नाही, यावर निरवांगीत दोन महिने चर्चा चालते. म्हस्कूआबा इतका खोकला की आतून सरुबाईनं त्याला गूळपाणी पाठवलं.

दुधाचा दर, डाळिंबावरचा तेल्या रोग, बँक, शाळा, एसटी, सगळ्यांच्या दाराशी जाऊन मंडळी परत आली. शेवटी म्हस्कूआबानंच वाट काढली. "आवं, पोरगं सातासमुद्रापार राहतंय. त्याला इचारा की काहीतरी. सुयोग, सांग बाबा, तुझ्या त्या देशात काय इशेष?"

सगळ्यांना बरं वाटलं. आयर्लंडात ना ऊस, ना कालवा, ना कुणाचा गट. सुयोग सांगायला लागला. हिरवागार मुलूख, रोजचा पाऊस, गाई आपल्या खिलारीपेक्षा आळशी पण दुधाला मोप. घरमालक डेनिस नावाचा म्हातारा, एकटाच राहतो, माणूस चांगला.

"एकटा का? भाऊबंद न्हाय?" तात्यानं विचारलं.

"भाऊ आहे, त्याच गावात. पण ते दर रविवारी जेवायला एकत्र बसतात आणि दर रविवारी भांडून उठतात."

"वाटणीवरनं?"

"नाही. एका जुन्या पंतप्रधानावरून. तो मरून किती वर्षं झाली. पण त्यानं देश उभा केला का देश खाल्ला, यावर अजून यांचं मिटत नाही."

तात्या मांडी बदलून पुढं सरकला. त्याच्या डोळ्यांत आलेली चमक रामहरीनं ओळखली. म्हस्कूआबाकडं बघितलं, तर तो निवांत. त्याच्या यादीत आयर्लंड नव्हतं.

"नाव काय त्यांचं?" तात्यानं आदरानं विचारलं.

"चार्ल्स हॉही."

"म्होरलं आमच्या जिभंला जमायचं न्हाय. चार्लसराव म्हणू. काय केलं त्यांनी?"

इथंच सुयोगनं 'काही नाही' म्हणून चहा मागायला हवा होता. पण परदेशात राहून पोरगं भोळं झालेलं. त्यानं सरळ सांगायला घेतलं. चार्लसराव पंतप्रधान झाले तेव्हा देशाची परिस्थिती वाईट. त्यांनी टीव्हीवर येऊन लोकांना सांगितलं, आपण ऐपतीच्या बाहेर खर्च करतोय, आता पोटाला चिमटा काढा. आणि त्याच काळात स्वतःचे सदरे पॅरिसहून शिवून आणायचे. राहायला गढीसारखा बंगला, घोडे, आणि समुद्रात एक अख्खं बेट स्वतःच्या मालकीचं.

"चोर," विजयसिंह म्हणाला.

तो आयर्लंडबद्दल बोलत नव्हता, हे पडवीतल्या पाटालाही कळलं. नानासाहेबांकडं घोडे होते. बेट नव्हतं, पण उजनीच्या पाण्याकडेला फार्महाऊस होतं आणि पाणी चढलं की तीन बाजूंनी बेटच व्हायचं.

"चोर कसं?" तात्याचा आवाज अजून गोड होता. "पंतप्रधानानं काय फाटकी बंडी घालून हिंडायचं? चार परदेशी माणसं भेटायला येणार. त्यांच्यापुढं देशाची अब्रू हाय का न्हाय?"

"देशाची अब्रू सदऱ्यात असती व्हय तात्या?"

"मंग कशात असती? कामात ना? कामाचं इचारा की पोराला. सुयोग, काम सांग चार्लसरावांचं."

सुयोगनं काम सांगितलं. अर्थमंत्री असताना त्यांनी म्हाताऱ्यांना बस आणि रेल्वे फुकट केली. ती आजही फुकट आहे. डेनिस त्याच पासावर भावाशी भांडायला जातो. पुढं डब्लिनच्या बंदरातल्या ओस पडलेल्या गोद्यांच्या जागेवर त्यांनी जगभरच्या बँकांसाठी पेठ वसवली. आज तिथं हजारो पोरं कामाला आहेत.

तात्यानं मांडीवर थाप मारली. "ऐका. गोदीत उंदरं पळत होती तितं बँका आणल्या. आता सदरा पॅरिसचा घालू द्या न्हायतर जरीचा. खाल्लं आसंल, पण आदी वाढलं, मंग खाल्लं."

"आचाऱ्यानं आदी पातेलं घरी न्यायचं आणि मंग पंगतीला वाटीवाटीनं वाढायचं, ह्याला वाढणं म्हणत्यात व्हय?" विजयसिंह म्हणाला. "तुमच्यात आसंल तशी पद्धत."

"आमच्यात म्हंजे?"

"आयर्लंडात. मी आयर्लंडाचं बोलतोय."

"मी बी आयर्लंडाचंच बोलतोय."

म्हस्कूआबानं खोकण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खोकायचं कशावर? अट मोडली कुणी होती? दोघंही समुद्रापलीकडच्या एका मेलेल्या माणसावर बोलत होते. रामहरीनं सुयोगला डोळ्यांनी खुणावलं, बास कर. सुयोगला वाटलं, सासरेबुवांना आणखी ऐकायचंय.

"पण पुढची गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. "ते मधे सत्तेतून गेले. मग सत्याऐंशी सालच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षानं पोस्टर लावले, दवाखान्यांचा खर्च कापला तर त्याचा मार म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि अपंगांना बसतो. लोकांनी निवडून दिलं. आणि निवडून आल्यावर त्यांनी स्वतःच खर्च कापला. दवाखान्यातल्या खाटा बंद पडल्या."

पडवीत वाऱ्यानं दिशा बदलावी तसं झालं. कारण दोन वर्षांमागं अप्पासाहेब काय बोलून निवडून आले होते? सभासदांना उसापोटी मिळणाऱ्या पहिल्या उचलीला कुणी हात लावला तर हात कलम करू. आणि निवडून आल्यावर पहिलं काय केलं? उचल कापली. वर कारखान्याचा दवाखाना बंद करून तिथं बारदानाचं गोदाम केलं.

तात्या उडालाच. "बगा. बगा ह्याची जात. मतं मागताना आजारी माणसाचे पाय धरायचे आणि निवडून आला की त्याच्याच खालची खाट वढायची. आसल्या माणसाला बेटावर न्हेऊन सोडला पायजे. बेट त्याचंच हाय, भाड्याचा प्रश्न न्हाय."

"तात्या, जरा समजून घ्या," विजयसिंह म्हणाला. तोच विजयसिंह, ज्यानं मघाशी चोर म्हटलं होतं. "माणूस खुर्चीवर बसला, तिजोरी उघडली, आत झुरळ. आदल्यांनी सगळं खाऊन ठेवलेलं. मंग काय करणार? कडू औषध एकानं कुणीतरी पाजायलाच लागतं. चार्लसरावांनी वाईटपणा घेतला. त्याला छाती लागती."

"आदलं कोण? आदलं बी त्योच व्हता की. खाणारा त्योच, झाकणारा त्योच."

"आणि त्यानंतर?" विजयसिंहानं पोराकडं वळून विचारलं. "त्यानंतर काय केलं ते सांग ह्यांना."

"मग कामगार संघटना, शेतकरी संघटना, कारखानदार, सगळ्यांना एका टेबलावर बसवून करार केला," सुयोग म्हणाला. "पगार किती वाढवायचे, कर किती घ्यायचा. संप थांबले. तिथून देश सावरायला लागला असं बरेच लोक म्हणतात."

"एका टेबलावर," विजयसिंहानं छाती पुढं काढली. "सगळ्यांना बरोबर घेऊन. ह्याला म्हणत्यात नेता."

"टेबलावर काय ठरलं ते सांगितलं. टेबलाखालनं काय सरकवलं ते इचारा."

म्हस्कूआबाला राहवलं नाही. "तात्या, मघाशी तुमी चार्लसरावांच्या बाजूनं व्हता ना?"

"कोण, मी? कवा?"

"आणि विजयसिंहराव, तुमी त्यास्नी चोर म्हणला."

"मी सदऱ्यापुरतं म्हणलं व्हतं. माणसाला न्हाय."

रामहरी भिंतीला टेकून हे बघत होता. दोघांनी बैल बदलले होते, जोखड बदललं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं आपण सकाळपासून नांगराच्या याच तासात चालतोय. चार्लसरावांशी दोघांचंही घेणं नव्हतं. तो बिचारा अडीच हजार कोसांवर मातीत पडलाय आणि निरवांगीत त्याची ओढाताण चाललीय. कशासाठी? तर आपला साहेब खाली पडू नये म्हणून. आपल्या साहेबाला माणूस कधी खरं बोलत नाही, तर त्याच्याविषयी खरं कुठून बोलणार. रामहरीला राग येत होता, पण त्याला रागाची सवय नव्हती, म्हणून त्याला वाटलं पित्त झालंय.

तेवढ्यात निकिता चहाचा ट्रे घेऊन आली. ठेवणीतली अंजिरी साडी, डोक्यावर पदर. विजयसिंहाला वाटलं, पंच आला. तो म्हणाला, "पोरी, तू शिकलेली हायस. तूच सांग. ह्यो चार्लसराव देश उभा करणारा का देश खाणारा?"

रामहरीनं डोळे मिटले. 'मला नाही माहीत' एवढं म्हण गं माझे आई.

"दोन्ही," निकिता म्हणाली आणि ट्रे खाली ठेवला. "खाल्लं हे चौकशीत निघालं. त्याच्या जवळच्या मित्राचं ऑपरेशन होतं, त्यासाठी लोकांनी पैसे दिले, त्यातलेसुद्धा यानं स्वतःसाठी वापरले. आणि कामं केली हेही खरं आहे. पण देश एकट्यानं उभा केला म्हणणं म्हणजे कोंबड्यानं सकाळ केली म्हणण्यासारखं. युरोपातून पैसा आला होता. पोरं शिकलेली होती, कारण आधीच एका दुसऱ्या मंत्र्यानं शाळा फुकट केल्या होत्या."

"शाळा फुकट झाल्या तेव्हा तिजोरीवर कोण होता? हाच अर्थमंत्री होता," सुयोग म्हणाला. "आणि युरोपाचा पैसा इतरांनाही आला. सगळ्यांचं आयर्लंड झालं का?"

"मग बँकांची पेठ त्याच्या डोक्यातून निघाली का? कल्पना एका धंदेवाल्याची होती. हे तुला मी त्या दिवशी पण सांगितलं होतं."

"कल्पना शंभर लोकांकडं असतात. राबवली कुणी?"

"श्रेय घेणं आणि राबवणं यातला फरक तुला कळतच नाही. परवा पण तू हेच..."

ती थांबली. रामहरीनं डोळे उघडले. त्यानं पोरीला कधी असं बघितलं नव्हतं. पदर खांद्यावर आलेला, एक हात कमरेवर, आणि ती भांडता भांडता हसत होती. सुयोगही हसत होता. दोघंही एकमेकांचं म्हणणं खोडत होते आणि कुणीही उठून चाललेलं नव्हतं.

"त्या दिवशी म्हंजे कोणच्या दिवशी?" विजयसिंह म्हणाला.

निकितानं पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

"आणि परवा म्हंजे? परवा ह्यो मुंबईत विमानातनं उतरला. तवा कवा बोलला?"

"फोनवर बोलतो आम्ही," सुयोग म्हणाला.

"बोला. बोलायला ना न्हाय. पर ही तुला तू म्हणती? चार माणसात? आजून सुपारी फुटली न्हाय आणि नवऱ्याचं बोलणं खोडती?"

"नवऱ्याचं न्हाय खोडलं, चार्लसरावांचं खोडलं," म्हस्कूआबा म्हणाला.

"खोडणारच," तात्या म्हणाला. "आमच्या घरची पोरगी हाय. खोट्याला खोटं म्हणती. तुमच्या गटात ती चाल न्हाय, त्याला ती काय करणार."

गट. शब्द पडलाच. विजयसिंह उठला. टोपी झटकली, डोक्यावर घातली, उंबऱ्यापाशी जाऊन पायात चपला सरकवल्या. "बनाबाई, चल. ज्या घरात पाहुण्याचा गट काढत्यात तितलं पाणी बी..."

निकितानं कुणाकडं बघितलं नाही. तिनं वाकून ट्रे उचलला. चहाचे कप भरलेलेच. ती ट्रे घेऊन आत वळली, आणि रामहरीला दिसलं की तिनं मघाचं हसू पुसून टाकलंय, पाटीवरचं पुसावं तसं. आता ती आत जाणार, साडी सोडून पंजाबी ड्रेस घालणार आणि उद्या बारामतीची एसटी धरणार. पुन्हा कधी साडी नेसणार नाही.

"बसा," रामहरी म्हणाला.

आवाज इतका मोठा निघाला की गोठ्यातली म्हैस उठली. तात्यानं मागं वळून बघितलं, हे कोण बोललं म्हणून.

"विजयसिंहराव, जायचं तर जा. पर एक सांगून जा. तात्या, तुमी बी सांगा. गेल्या साली नानासाहेबांच्या पोरीचं लगीन कुणाशी झालं?"

दोन्ही नावांची बंदी होती. म्हस्कूआबा खोकला नाही.

"त्यो इषय येगळा हाय," तात्या म्हणाला.

"कुणाशी झालं?"

"अप्पासाहेबांच्या पुतण्याशी."

"आणि त्या लग्नात तुमी काय करत व्हता?"

"गेलो व्हतो. आमंत्रण व्हतं."

"गाड्या लावत व्हते," आतून सरुबाईचा आवाज आला. "गळ्यात शिट्टी व्हती. रातच्याला पाय चेपून घेतले माज्या जावंकडनं."

"आणि विजयसिंहराव, तुमी?"

विजयसिंह छताकडं बघायला लागला. उत्तर आतून बनाबाईनं दिलं. "ह्यांच्याकडं पाण्याचे जार व्हते. पंगतीला बसायला मिळालंच न्हाय. घरी यून पिठलं खाल्लं."

"ऐकलं?" रामहरी म्हणाला. पित्त नव्हतंच ते. "ते दोगं व्याही झाले. एकाच्या दिवाळीला दुसरा फराळाला जातोय. निवडणूक आली की दोन महिनं एकमेकाच्या आया-भैनी काढत्यात आणि तिसऱ्या महिन्यात एका ताटात जेवत्यात. त्यांच्या पोरींची लग्नं ह्या भांडणानं मोडली का? एक तरी मोडलं? मोडलं ते माज्या पोरीचं. दोनदा मोडलं. शिट्टी तुमी वाजवायची, जार तुमी वाहायचे, आणि पोरगी माजी घरात बसायची. का? तर त्या दोघांची अब्रू संबाळायला. त्यांची अब्रू हाय कुठं, ते तरी म्हाईत हाय का कुणाला? आज तर त्यांची नावं घ्यायची सोय नव्हती, म्हणून तुमी सातासमुद्रापारचं मढं उकरून आणलं. म्हंजे साहेब मिळाला न्हाय तर तुमी इकत आणताय."

विजयसिंह चपला घालून उंबऱ्यापाशीच उभा होता.

"ती दोगं भांडत व्हती ते बगितलं का? ती भांडत व्हती आणि हासत व्हती. तुमाला येतंय का तसं? मला तर आजपतोर नुसतं भांडायला बी आलं न्हाय." त्यानं पाट पुढं ओढला. "सुपारी मी फोडतोय."

"थोरला जिता हाय आजून," तात्या म्हणाला. आवाज पडलेला होता.

"व्हय. जिता हाय म्हणून दोनदा वाट बगितली."

हे लागलं. तात्या उठला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि पडवीच्या बाहेर ओट्यावर पाठ करून जाऊन बसला. पन्नास वर्षांत रामहरी भावाला असं बोलला नव्हता. पण हातात अडकित्ता होता आणि आता थांबला असता तर पुन्हा कधी उचलला नसता. त्यानं सुपारी पात्यात धरली आणि दाबली. सवय नव्हती. सुपारी निसटली, टणकन उडाली आणि उंबऱ्यापाशी विजयसिंहाच्या चपलेजवळ जाऊन पडली.

विजयसिंहानं सवयीनं वाकून ती उचलली. पाण्याचे जार उचलणारा माणूस, पडलेलं काही दिसलं की वाकणारच. फुंकर मारून त्यानं ती धोतराला पुसली आणि तळहातावर धरली.

"झालं," म्हस्कूआबा म्हणाला. "वरबापानं सुपारी हातात घेतली. आता माघारी दिली तर अपशकुन."

"आसं कुठं आसतं?" विजयसिंह म्हणाला.

"आमच्या कळंबला आसतं."

बनाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं नवऱ्याच्या तळहातावरची सुपारी बघितली, मग त्याच्या पायातल्या चपला बघितल्या. "चपला काढा. देवाच्या गोष्टीला पायताण घालून हुबं राहत्यात व्हय? आणि मला पोरगी पसंत हाय. ह्या पोरानं मला कवा उलट उत्तर दिलं न्हाय. कुणीतरी त्याला देणारं पायजे."

विजयसिंहानं चपला काढल्या. सतरंजीवर परत बसला. रामहरीला अडकित्ता नीट धरून दाखवला, अंगठा असा ठेवा म्हणाला. सुपारी फुटली. सरुबाईनं कुंकू आणलं. निकिता दारात उभी होती आणि या खेपेला तिनं बापाकडं बघितलं. रामहरीला तेवढं पुरलं. साखर फिरली. विजयसिंहानं मूठभर आपल्या ताटलीत ओढून घेतली, घरी पिठलं खाल्ल्याची आठवण निघाल्यापासून त्याला भूक लागली होती.

तात्या ओट्यावरच. रामहरी दोनदा दारापर्यंत गेला आणि परत आला. भावाला साखर द्यायला हात धजेना. शेवटी सुयोगच पाया पडायला बाहेर गेला.

तात्यानं आशीर्वाद दिला. तोंड फिरवूनच दिला, पण दिला. मग बराच वेळ काठीनं माती उकरली आणि विचारलं, "त्या चार्लसरावाचं सासर कुठलं रे?"

"सासर? त्याचा सासरा पण पंतप्रधान झाला होता. त्याच्या आधी."

काठी थांबली. तात्या सावकाश वळला. "सासरा पंतप्रधान?"

"हो."

"मंग हे आदी सांगायला काय झालं व्हतं?" त्यानं पडवीच्या दिशेनं हाक दिली. "विजयसिंहराव. आवं, त्यो जावई निघाला. सासरा आदीच खुर्चीवर व्हता."

विजयसिंह ताटली हातात घेऊन बाहेर आला. "खरं सांगतुया?"

"पोरगं सांगतंय की."

"म्हंजे सोयरीकच म्हणा की." विजयसिंह ओट्यावर टेकला. "मंग कसलं कर्तृत्व आणि कसलं काय."

"कर्तृत्व न्हाय आसं न्हाय. सासऱ्यानं दार उघडलं आसंल. आत जाऊन बसायला बूड ह्याचंच लागलं ना?"

"बूड कुणाचं बी चालतं तात्या. दार उघडणारा पायजे."

"मंग बाकीचे जावई का झाले न्हाईत पंतप्रधान? सांगा. एकाला एक जावई आसतो व्हय?"

रामहरी दारात उभा राहून ऐकत होता. पुन्हा सुरू झालं होतं, पण या खेपेला कुणाच्या पायात चपला नव्हत्या. बोलता बोलता तात्याचा हात विजयसिंहाच्या ताटलीकडं गेला. त्यानं बघितलंही नाही. चिमूटभर साखर उचलली, तोंडात टाकली, आणि चार्लसरावाच्या सासऱ्यावर पुढचा मुद्दा काढला.